जावयाचा जामीन

झोक्याची दोरी दरवर्षी नवी घ्यायची. जुनी कितीही धडधाकट दिसली तरी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, संपली की ती बैलांच्या गोठ्यात जायची. हिंमतराव पाटील स्वतः शहाद्याच्या बाजारातून दोरी आणायचा, अंगणातल्या कडूनिंबाला बांधायचा आणि पोरींच्या आधी आपणच तिला लोंबकळून बघायचा. एवढा मोठा माणूस दोरीला लटकलेला बघायला गल्ली गोळा व्हायची.

*

खापराची पुरणपोळी लाटत नाहीत. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत खेळवत वाढवायचा आणि उपड्या, तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. भिकुबाईची पोळी गोल होत नसे. तिचा डावा हात कोपरात पुरता उलगडत नव्हता, म्हणून पोळी एका अंगाला लांबायची. घरातली पोरं तीच आधी मागायची. "फुईनी पोयी! फुईनी पोयी!"

*

फुई म्हणजे आत्या. हे नंदुरबारच्या वकिलाला समजावून सांगावं लागलं. तो रत्नागिरीकडचा होता.

*

तोच वकील म्हणाला होता, "नवऱ्याने बायकोला मारू नये असा वेगळा कायदा मला ठाऊक नाही. पण शांतता भंग करू नये असा आहे. घरातली शांतता हीसुद्धा शांतताच असते, एवढं साहेबांना पटवायचं. बाकी माझ्यावर सोडा."

*

मानमोडीच्या, म्हणजे त्या जीवघेण्या तापाच्या साथीच्या सालापासून या घरात अखाजीला पितरांच्या घागरींची रांग लागायची. प्रत्येक घागरीवर एक डांगर, म्हणजे खरबूज. पूजा आटोपली की डांगरं पोरांची.

*

अखाजीला तापीच्या पात्रात पोरींच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहायच्या आणि एकमेकींना शिव्यांची गाणी म्हणायच्या. लग्नाआधी हिंमतरावाच्या सरलाच्या तोंडाला कोणी लागत नसे. पलीकडच्या गावच्या पोरी तिला बघून आधीच काठ सोडायच्या.

*

जावयाला, रूपचंदला, जामीन नव्हता.

*

गोष्ट इथून सुरू करायची ती अशी. होळीच्या दुसऱ्या दिवशी सरला म्हसावदहून माहेरी आली, ती एकटीच, कोणाच्या तरी कापसाच्या गाडीत बसून. उजव्या कानाने तिला कमी ऐकू येत होतं. विचारलं तर म्हणाली, "थंडी लागनी." होळी झाल्यावर थंडी कुठली? पण आईने, म्हणजे रंजनाबाईने, कानात कोमट तेल घातलं आणि पुढे विचारलं नाही. भिकुबाईने विचारलं. तेव्हा सगळं बाहेर आलं.

मग घरात दोन तट पडले. सरलाचा भाऊ भाईदास धुळ्याला शिकून आलेला. तो म्हणाला, नवा कायदा आहे, वेगळं राहता येतं, दावा लावू. रंजनाबाई म्हणाली, पाटलाची पोर कोर्टात उभी राहणार असेल तर आधी माझी तिरडी बांधा. हिंमतराव दोघांच्या मध्ये. वकिलाने मधली वाट काढली. जावयाकडून वर्षभराचा मुचलका लिहून घ्यायचा, बायकोच्या अंगाला हात लावणार नाही असा. वर एक जामीन. बोल मोडला तर जामीनदाराने दंड भरायचा, नाहीतर त्याच्या मिळकतीवर जप्ती.

"तो बांधायना तं मी जासू," सरला म्हणाली. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

अखाजीच्या आधीच्या सोमवारी मंडळी नावेने तापी ओलांडून नंदुरबारला गेली. साहेबांनी मुचलका मंजूर केला. रूपचंदचा काका जामीन राहायला येणार होता, तो आलाच नाही. वकील दुसऱ्या कामाला उठून गेलेला, भाईदास स्टॅम्प आणायला बाहेर. कारकून विचारत होता, "जामीन कोण? जामीनदार आहे का?" आणि रूपचंद पांढऱ्याशुभ्र धोतरात, डोक्यावर जरीची टोपी, एकटा उभा. आजूबाजूला हातात बेड्या घातलेले लोक.

हिंमतरावाला ते बघवेना. लग्नात ज्याचे पाय धुतले तो जावई असा उघड्यावर उभा? तो पुढे झाला.

"मी शे ना."

कारकुनाने चष्मा वर केला. "तुम्ही? तुम्ही तर मुलीचे वडील."

"मुलीचा बाप आहे म्हणजे जावयाचा सासरा पण आहे ना, साहेब?" हिंमतराव त्याला जमेल तितकं शुद्ध बोलला, आणि सही केली.

ही गोष्ट त्याने गावात येऊन ओसरीवर सांगितली, चहा पिता पिता, दोनदा. ऐकणारे म्हणाले, मन लागतं पाटील, मन लागतं. भाईदासलाही ती मोठेपणाचीच गोष्ट वाटली. भिकुबाई माजघरात गहू निवडत होती. तिनेही ऐकलं आणि तिलाही भावाचा अभिमान वाटला.

*

अखाजीच्या दिवशी सकाळीच म्हसावदची दमणी दाराशी लागली. रूपचंद आणि त्याची आई धनुबाई, सरलाला न्यायला. धनुबाईने येताना सुनेसाठी हिरवं लुगडं आणलं होतं आणि विहिणीसाठी आंब्यांची पाटी. रूपचंद सगळ्यांच्या पाया पडला. तो गोड बोलणारा माणूस. भजनात त्याचा आवाज पहिला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, असा जावई, आणि पोरगी म्हणते कानाला लागलं!

आमरसाचं पितळी पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मागच्या अंगणात चुलीवर खापर तापलं होतं. भिकुबाई पोळ्या सोडत होती, रंजनाबाई गोळे भरून देत होती. समोरच कडूनिंब. नव्या दोरीवर सरला बसलेली, पाय जमिनीला टेकलेले.

"सरला, वं सरला! झोकावर बठीसन मुकी काबर? तुन्हा वयना पोरी गाना म्हनी म्हनी घसा फोडी ऱ्हायन्यात."

सरलाने डावा कान तिच्याकडे केला. "फुई, एक इचारू?"

"इचार."

"आबा जामीन ऱ्हायना, म्हंजे काय व्हयनं?"

"म्हंजे जवाईनी बोल मोडा, तं आबा दंड भरी."

"नई भरा तं?"

"तं जमीन जाई. पन कसाले मोडी तो? आते बांधायेल शे." भिकुबाईने पोळी हातावर घेतली, कोपरापर्यंत नेली.

"बोल मोडना हाई साहेबले कोन सांगी?"

"कोन म्हंजे? तूच सांगशी."

सरला पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत होती. "म्हंजे मी तोंड उघाडं, का आबाले दंड."

रंजनाबाईचा हात पिठात थांबला.

"मंग मी सांगाव नई, फुई," सरला म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आज डाळ कमी आहे, उद्या दळायची, असं सांगावं तसं तिने सांगितलं. "त्याले बी ठाऊक शे. सकाय मन्हा जवय उना नि म्हने, तुन्हा बाप लई मोठा मनना शे."

खापरावरची पोळी जळाली. पुरणाच्या गुळाचा वास अंगणभर झाला. त्या चुलीवर भिकुबाईची पोळी त्याआधी कधी जळली नव्हती. रंजनाबाई "व माय!" म्हणून उलथनं घेऊन धावली. भिकुबाई आपल्या वाकड्या हाताकडे बघत बसली होती.

*

पंगत अशी बसली होती. ओसरीच्या मधोमध चांदीचं फूल बसवलेल्या पाटावर रूपचंद. त्याच्या डाव्या हाताला हिंमतराव, उजव्या हाताला भाईदास. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून धनुबाई. तिचं पान बायकांबरोबर मागाहून वाढायचं होतं. वाढायला रंजनाबाई. पोळी आणायला भिकुबाई.

ती पोळी घेऊन आली आणि जावयाच्या पानासमोर उभी राहिली. वाढेना.

"हिंमत, एक इचारानं व्हतं."

"इचार ना, अक्का."

"जवाईनी पोरवर हात टाका तं दंड कोन भरी?"

हिंमतराव हसला. "सननं दिन हाई काय काढं तू? वाढ ना पोयी. जवाईबुवा खोळंबनात."

"कोन भरी?"

"मी भरसू. मी जामीन शे."

"मंग पोर सांगी कोनले? तुन्हा घरवर टाच आनाले ती सोता जाई का?"

पलीकडच्या गल्लीत पोरींचं गाणं चालू होतं. रंजनाबाईने नणंदेचा पदर ओढला. "बाई, पानवर बठेल मानूस शे. आत चाला."

रूपचंदने रसाची वाटी खाली ठेवली. ओठ पुसले. "फुईसासू, कायदा वकीलसले समजू द्या. मी काय जामीन मांगा व्हता का? आबासनी सोताना खुशीथीन दिधा. इचारा त्यासले."

"हाऊच तं रोग शे," भिकुबाई म्हणाली.

भाईदासच्या कानशिलांवर रक्त चढलं होतं. धुळ्याची दोन वर्षं, वकिलाच्या घरी घातलेले खेटे, आणि सगळा मुचलका त्याने स्वतः वाचला होता. फक्त खालची सही वाचली नव्हती. म्हणजे वाचली होती, आपल्या बापाची आहे म्हणून तिच्यावरून नजर प्रेमाने पुढे गेली होती.

"आबा," तो म्हणाला, "जामीन मागे घेता येस. वकील सांगे. अर्ज देवाना, मंग साहेब दुसरा जामीन मांगतस."

"आनि जवाईले मी काय तोंड दाखाडू?" हिंमतरावाचा आवाज चढला. "आज पानवर बसाडीसन म्हनू का, तुम्हनावर मन्हा इस्वास नई? आपला घरमा आजलोंग कोनी जवाईना अपमान कया नई. अक्का, तू तरी... तुन्हा येले बानी काय कयं, तुले ठाऊक शे. बानी शब्द दिधा, नि शब्द पाया."

भिकुबाई खाली बसली. पोळीचं ताट तसंच मांडीवर.

"हा," ती म्हणाली. "दिधा व्हता. बानी पंचसमोर सांगं, आम्हनी पोर सासरनी गोठ माहेरले आनाव नई. तवय सही नव्हती, शब्द व्हता. तुन्हासारखाच. मोठा मनथीन." तिने मांडीवरचं ताट नीट धरलं. "मी दोन पावसाया बोलनू नई, हिंमत. हात मोडना तरी."

"हात तं झोकावरतून..."

"मी झोकावरतून पडनूच नई."

हिंमतराव तिच्याकडे बघत राहिला. त्या वेळी तो चार वर्षांचा होता. त्याला आठवत होतं ते एवढंच की मोठी बहीण हाताला बांबूच्या कामट्या बांधून ओसरीवर बसली होती, आणि आई म्हणाली होती, अक्का झोक्यावरून पडली, दोरी तुटली, तू नको चढू. त्या वाक्यावर तो कळता झाल्यापासून दरवर्षी दोरी आणत आला होता. शहाद्याच्या बाजारात दोरीवाला त्याला लांबून ओळखायचा, आणि भाव करताना हिंमतराव दरवर्षी तेच सांगायचा: मन्ही बहीन पडनी व्हती, चांगली दे.

"माले कोनी सांगं नई," तो हळूच म्हणाला.

"सांगती तं बाना शब्द मोडता."

*

रूपचंद उठायला लागला. "चाल माय. लगनना पाच साल व्हयनात, असा मान कधी व्हयना नई."

"बसा, जवाईबुवा," भिकुबाई म्हणाली. "पोर धाडतस. आजच धाडतस. हिरवं लुगडं नेसाडीसन धाडतस. फक्त जामीन बदला." आणि ती उंबऱ्याकडे वळली. "इहीन, म्हसावदनी बागायत तुम्हना नाववर शे ना? तुम्हना बापनी दियेल?"

"शे," धनुबाई म्हणाली.

"मंग तुम्ही ऱ्हा जामीन. पोरले काही व्हयनं तं तुम्ही भरा. काही व्हवाव नई तं काहीच भरानं नई. मायले आंडोरना भरोसा नई ऱ्हाई तं कोनले ऱ्हाई?"

रूपचंद हसला. खरंच हसला, सुटका झाल्यासारखा. "बस? इतलंच? माय, हो म्हन. एक अंगठा देवाना शे."

धनुबाई जाड, सावळी, कमी बोलणारी बाई. गेली पाच वर्षं रात्री भांडण सुरू झालं की ती उठून पुढचं दार लावून घ्यायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. सरलाने फुईला ते सांगितलं होतं आणि ते ऐकताना भिकुबाईला या बाईचा सगळ्यात जास्त राग आला होता, लेकापेक्षा जास्त. आता ती बाई आपल्या लेकाकडे बघत होती. बाजारात बैल घेताना माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, तशी बघत होती. लेकाने आधी तिच्या नजरेला नजर दिली. मग रसाच्या वाटीकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला. "बोल ना."

"ती जमीन मन्हा बापनी शे," धनुबाई म्हणाली.

"ते ठाऊक शे. म्हनीसन तं..."

"माले नई परवडाव."

बस. एवढंच. तिने पदर डोक्यावर नीट केला आणि पुन्हा भिंतीला टेकली.

रूपचंदने ताट सारलं. रस पाटावर सांडला. तो टोपी घालून पायऱ्या उतरला, तेव्हा हिंमतराव सवयीने उठलाच. जेवत्या पानावरून जावई जातो म्हणजे काय! हात पुढे केला, "जवाईबुवा" एवढं तोंडातून निघालं. मग त्याचं लक्ष बहिणीच्या कोपराकडे गेलं. तो तसाच अर्धवट उभा राहिला, आणि हळूहळू खाली बसला. पाटलाच्या घरातून जावई उपाशी गेला. गाव त्यावर पुढचा पावसाळाभर बोललं.

दमणी गेली. धनुबाई गेली नाही. लेकाने हाक मारली, तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. तिला संध्याकाळी भाईदास गाडी जुंपून नेऊन सोडणार होता. ती म्हणाली, "पोयी ऱ्हायनी व्हई तं वाढ व माय. सकायपासून चहावर शे."

भिकुबाईने मांडीवरची पोळी तिच्या पानात घातली.

धनुबाईने तुकडा मोडला. पोळीकडे पाहिलं, मग वाढणाऱ्या हाताकडे. "एक अंगले लांब व्हयनी."

"तशीच व्हस ती."

"चांगली शे," धनुबाई म्हणाली, आणि खाली मान घालून तीन पोळ्या खाल्ल्या.

*

हिंमतराव मागच्या अंगणात आला. सरला अजून झोक्यावरच होती. तिने सगळं ऐकलं असणार. डाव्या कानाला कमी ऐकू येत नव्हतं. त्याने दोरी हातात घेतली, ताणली, गाठ बघितली. मग सोडून दिली.

"झोका देऊ?" त्याने विचारलं.

"द्या."

बापाने लेकीला झोका दिला. आधी हळू, मग जोरात. सरलाचे पाय कडूनिंबाच्या खालच्या फांदीला लागले, मोहोर गळून त्याच्या पागोट्यावर पडला. रंजनाबाई दारात उभी राहून ओरडली, "अहो, पोर काय ल्हान शे का आते!" पण तिने थांबवलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, हे घर पाडून सिमेंटचं बांधलं, कडूनिंब तोडला, दारापुढे ट्रॅक्टर उभा राहू लागला, तेव्हाही त्या घरातली माणसं त्या अखाजीबद्दल बोलताना जावयाबद्दल बोलत नसत. जळालेल्या पुरणाचा वास आणि पाटलाच्या पागोट्यावरचा मोहोर, हेच सांगत.

उन्हं उतरल्यावर पोरी गौराई घेऊन तापीवर गेल्या. सरला गेली. पलीकडच्या पोरींनी तिला ओळखलं, आणि मुद्दाम सुरुवात केली. पाच वर्षं सासरी राहिलेली आता काय बोलणार? काठाशी पाणी गुडघाभर होतं. सरलाने पदर खोचला, डावा कान समोर केला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग या काठावरून असा आवाज निघाला की बैल धुणारे गडीसुद्धा थांबले:

"म्हसावदना पाव्हना,
तुले जामीन नई घावना!"

भिकुबाई घाटाच्या पायरीवर बसली होती. ती तोंडावर पदर घेऊन हसली, आणि बराच वेळ पदर काढला नाही.

पुढच्या सोमवारी हिंमतराव नंदुरबारला गेला. त्याच कारकुनाने चष्मा वर करून विचारलं, जामिनकी का सोडता? हिंमतरावाने वाटेत नावेत बसून शुद्ध वाक्य जुळवलं होतं, ते ऐन वेळी विसरला. "ती मन्ही आंडेर शे, मन्ही पोर शे," एवढंच म्हणाला. कारकुनाने अर्ज घेतला. रूपचंदला दुसरा जामीन मिळाला नाही. कायद्याप्रमाणे तो आत गेला. सरला परत गेली नाही. भाईदासने नव्या कायद्याखाली दावा लावला, आणि रंजनाबाई तारखेला लेकीबरोबर कोर्टात गेली, डब्यात दशम्या बांधून.

दोरी हिंमतराव तरीही दरवर्षी नवीच आणत राहिला.

भिकुबाईचा हात मोडला ते मानमोडीनंतरचं साल. घरातली तीन माणसं त्या साथीत गेली होती, म्हणून त्या अखाजीला कडूनिंबाला झोका बांधलाच नव्हता.